चंपाचा नंबर

गंगाराम तांबे रेडिओ दुरुस्त करायचा आणि त्याबद्दल त्याला भलताच अभिमान होता. रत्नागिरीच्या बाजारात जिन्याखाली त्याचं दुकान होतं. दोन माणसं आत शिरली तर तिसऱ्याने श्वास बाहेर घ्यावा, एवढी जागा. तरी गिऱ्हाईक आलं की हा आधी विचारायचा, "पडला की भिजला?" खरं सांगितलं तर दुरुस्ती, खोटं सांगितलं तर दुरुस्ती आणि वर भाषण.

भाट्याच्या बाजूला आगाशांच्या आंब्याच्या बागेला लागून त्याने चार गुंठे घेऊन घर बांधलं. बौद्ध माणसाने आगाशांच्या बागेच्या दगडी गडग्याला टेकून घर बांधलं म्हणून पहिली दोन वर्षं आळीत काही जणांच्या पोटात दुखत होतं. मग एकेकाचे टीव्ही बिघडले आणि पोटदुखी आपोआप बरी झाली. चारुदत्त आगाशे मात्र पहिल्यापासून सरळ माणूस. शाळेत दोघे एका वर्गात होते, त्यामुळे गडग्यावर हात टेकून त्यांच्या गप्पा चालायच्या.

अठ्ठ्याण्णव सालापासून रेडिओचे दिवस फिरले. बिघडला की टाकून नवा घ्यायची रीत आली आणि गंगारामच्या दुकानात माश्यासुद्धा पाय ठेवीनात. दुसरा असता तर हाय खाल्ली असती. याने मुंबईहून एक जुना कॉम्प्युटर आणला आणि तो उघडून बसला. मुलगी स्नेहल कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवायला लागली होती. ती म्हणाली, "बाबा, तो चालू करायचा असतो, खोलायचा नसतो." पण स्वभावाला औषध नाही.

चारुदत्तचा मुलगा सलिल जर्मनीत नोकरीला होता. सुट्टीवर येताना त्याने घरच्यांसाठी हवामान दाखवणारं एक यंत्र आणलं. भिंतीवर लावायची एक पाटी आणि काडेपेटीपेक्षा थोडे मोठे दोन पांढरे डबे. डबा कुठेही ठेवा, मिनिटामिनिटाला तिथलं तापमान बिनतारी कळवायचा. तिकडे म्हणे असल्या वस्तू बाजारात ढिगाने मिळतात. पाटी महिन्याभरात बंद पडली. चारुदत्तने सगळं उचलून गंगारामच्या हवाली केलं, "बघ रे, तुझ्या उपयोगाचं असलं तर."

उपयोगाचं? गंगारामला घबाडच मिळालं. पाटी मेली तरी डबे जिवंत होते आणि हवेत बोलत होते. ते बोलणं ऐकायला त्याने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून बोटाच्या पेराएवढा रिसीव्हर मागवला आणि तो कॉम्प्युटरच्या माइकच्या भोकात जोडला. स्पीकरमधून दर मिनिटाला खर्रकन आवाज यायला लागला. त्या खरखरीत आकडे होते. ते काढायला त्याने दोन महिने घातले. डबा फ्रिजमध्ये ठेव, चुलीशी ठेव, काखेत धर आणि प्रत्येक वेळी खरखर कशी बदलते ते चौकटीच्या वहीत लिही. शेवटी स्नेहलने प्रोग्रॅम लिहिला आणि पडद्यावर ओळी उमटल्या: डब्याचा नंबर, तापमान, वेळ. त्या दिवशी गंगारामने आळीत पेढे वाटले. कशाचे म्हणून विचारलं तर सांगता येईना.

डब्यांची एक खोड त्याला तेव्हाच कळली. सेल बदलला की डबा आपला जुना नंबर विसरायचा आणि मनाला येईल तो नवा घ्यायचा. मग कोणता नंबर कुठल्या डब्याचा हे नव्याने सांगावं लागे. गंगारामची रीत पक्की होती. एक डबा काखेत धरायचा, पडद्यावर कोणता नंबर चढतो ते बघायचं आणि त्याला नाव द्यायचं.

दोनातला एक डबा आंब्याच्या दिवसांत चारुदत्तच्या अढीत गेला. अढी म्हणजे पेंढ्यात मांडून पिकत ठेवलेला आंबा. त्यात ऊब हवी, पण फार चढली तर फळ आतून नासतं. "तुझ्या आंब्याला ताप आला रे," असं गंगाराम गडग्यावरून ओरडायचा आणि चारुदत्त धावत जाऊन खोलीची खिडकी उघडायचा. आधी हसणारा चारुदत्त पुढे विचारल्याशिवाय पेंढा हलवीना.

दुसरा डबा चंपासाठी होता.

चंपा गंगारामची बायको. तिचं माहेर बुरोंडीकडचं. अंगाने शेलाटी, बोलण्याने चुरचुरीत, आणि नवऱ्याला "इंजिनेर" म्हणून हाक मारणारी. पन्नाशीच्या पुढे ती विसरायला लागली. आधी मीठ, मग माणसं. मग तिचं मन मागे मागे गेलं आणि एक दिवस थेट माहेरच्या वाटेवर जाऊन थांबलं. पूर्वी किनाऱ्याने मुंबईची बोट चालायची. तिला एकच ध्यास लागला. "बोट यायची हाय. माजी आईस वाट बघत असंल," म्हणत ती चपला न घालता चालू लागायची. बोटी बंद होऊन वीस वर्षं झाली होती. दोनदा ती नाक्यावर सापडली, एकदा पुलावर.

डॉक्टर म्हणाले, दाराला कुलूप ठेवा. शेजारीही तेच म्हणाले. गंगाराम उसळला. "आमच्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या बाहेर ठेवलं. आता मी माझ्या बायकोला आत कोंडू? नाय जमणार." तो हट्टी होताच, पण यात हट्टापेक्षा माया जास्त होती. चंपाला मोकळं ठेवायचं आणि हरवूही द्यायचं नाही, या एका गोष्टीसाठी त्याने आपली सगळी विद्या पणाला लावली.

तिच्या परकराला कमरेशी खिसा शिवून त्यात डबा ठेवला. डबा अंगाच्या उबेला लागून असायचा, म्हणून पडद्यावर 'चंपा' या नावापुढे तेहतीस-चौतीस आकडा दिसे. डब्याचा आवाज घराच्या आसपास शंभर पावलं पोचायचा, आगाशांच्या खळ्यापर्यंत, म्हणजे त्यांच्या अंगणापर्यंत. चंपा त्यापलीकडे गेली की निरोप थांबायचा. पाच मिनिटं निरोप आला नाही, तर कॉम्प्युटरला जोडलेला जुना मोबाइल गंगारामच्या मोबाइलवर मिस कॉल द्यायचा. दीड वर्षात असे अकरा मिस कॉल आले आणि अकराही वेळा तो दुकान उघडं टाकून स्कूटरने धावला. अकराही वेळा चंपा रस्त्याच्या पहिल्या वळणाच्या आत सापडली. तिला मागे बसवून आणताना तो भांडायचा आणि ती हसायची.

मग दोन हजार सातची जयंती आली.

तांब्यांच्या घरी चौदा एप्रिलच्या आधी रंग लागायचा, आणि जयंतीच्या सकाळी घरातले सगळे सेल बदलायचे. घड्याळ, बॅटरी, रेडिओ, सगळ्यांत नवे. बाबासाहेबांच्या दिवशी आपल्या घरातलं घड्याळ मागे पडलेलं चालणार नाही, असा गंगारामचा कायदा होता. त्या सकाळी त्याने चंपाच्या खिशातला डबा काढला, आगाशांच्या अढीतलाही मागवून घेतला आणि दोन्ही टेबलावर ठेवून नवे सेल घातले. आधी चंपाच्या, मग अढीच्या. इतक्यात विहारातून बोलावणं आलं. भोंगा घुमतोय, साहेब लोक यायची वेळ झाली, गंगाराम लवकर ये. विहाराचा लाउडस्पीकर दरवर्षी त्याच्याकडे असायचा.

पडद्यावर एक नवा नंबर उमटला. सेल आधी चंपाच्या डब्यात घातला, तेव्हा हा तिचाच, असं म्हणून त्याने त्यापुढे 'चंपा' लिहिलं. दुसऱ्या नंबराला नाव द्यायचं आल्यावर बघू म्हणून ठेवलं. डबा काखेत धरला नाही. एवढं एक मिनिट त्याने वाचवलं. तिचा डबा तिच्या खिशात गेला, अढीचा डबा पेंढ्यात गेला.

चंपाजवळ बसायला शेजारची चिमा आली होती. नवं लुगडं नेसून, केसांत अबोली माळून बसली होती बिचारी. तिचा जीव मिरवणुकीत अडकलेला गंगारामला दिसत होता. तो म्हणाला, "जा गो तू. वर्षाचा सण हाय. माझी मशीन बसलीय पहाऱ्याला." स्नेहल विहारात पोरींचं नाच-गाणं बसवायला आधीच गेली होती.

दिवसभर मोबाइल वाजला नाही. गंगारामने दोनदा खिशातून काढून पाहिला आणि निश्चिंतपणे परत ठेवला. भाषणं झाली, जेवणं झाली. दोनच्या सुमाराला तो आणि स्नेहल पानात वाढलेली खीर चंपासाठी डब्यात घेऊन घरी आले.

खाट रिकामी होती.

गंगारामने पडद्याकडे पाहिलं. 'चंपा' पुढे चौतीस पूर्णांक एक. अर्ध्या मिनिटापूर्वीचा निरोप. खाली तो बिननावाचा नंबर होता, त्याचा शेवटचा निरोप अकरा वाजून आठ मिनिटांनी आलेला. अढीच्या डब्याचा सेल नीट बसला नसेल, असं त्याच्या मनात आलं. "हितंच हाय ती," तो स्नेहलला म्हणाला. "शंभर पावलांच्या आत. बघ तू परसात."

त्यांनी परस पाहिलं, न्हाणी पाहिली, लाकडाची खोप पाहिली. स्नेहल म्हणाली, "बाबा, मी किनाऱ्याकडे जाऊन येऊ?" तर हा खेकसला, "पडद्यावर दिसतंय ना! डोळे फुटले काय तुझे?" आयुष्यात पहिल्यांदा तो लेकीवर असा ओरडला. मग त्याला विहीर दिसली. दोर बांधून तो स्वतः उतरला, बांबूने तळ ढवळला, चिखलाने माखून वर आला. पडद्यावर चौतीस होते. पाण्यात असती तर आकडा पडला असता हे त्याला कळत होतं, तरीही तो उतरला. बुद्धी जागेवर नव्हती, पण यंत्रावरचा विश्वास जागेवर होता.

शोधता शोधता तो आगाशांच्या अढीच्या खोलीत शिरला. चारुदत्तची बायको मालिनी सोबत आली. अढीतला डबा बंद पडलाय, हे त्याने तिला बोलता बोलता सांगितलं. खोलीत आंब्यांशिवाय कुणी नव्हतं. मालिनीने पेंढ्यातला डबा काढून त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "गंगारामभाऊ, हा तेवढा घेऊन जा. बंद पडलाय म्हणालात ना?" तो डबा मुठीत धरून खळ्यावर आला. पडवीच्या टोकाला पाणी भरलेला माठ होता. चिखलाचे हात धुवावेत म्हणून त्याने डबा माठाच्या गार झाकणीवर ठेवला.

इतक्यात गडग्यापलीकडून स्नेहलची हाक आली. "बाबा! आईचा आकडा पडतोय! तीस... एकोणतीस!"

गंगारामने झाकणीवरच्या डब्याकडे पाहिलं. तेवढ्यात त्याला सगळं कळलं. सकाळी आधी उमटलेला नंबर चंपाच्या नाही, अढीच्या डब्याचा होता. सकाळपासून त्याचं यंत्र आंब्यांची ऊब मोजत होतं आणि चंपा घरात आहे म्हणून सांगत होतं.

सव्वातीन वाजले होते. चारुदत्तने गाडी काढली. भाट्याच्या वाळूत, सुरूच्या बनापासून बरीच पुढे, उन्हात चंपा आडवी पडलेली सापडली. अंग तव्यासारखं तापलं होतं, पायांना फोड आले होते. दवाखान्याच्या वाटेवर मालिनी तिच्या तोंडावर पाणी मारत राहिली. पुलावरच चंपाचा श्वास थांबला. डॉक्टरांनी उष्माघात लिहिला. गंगारामने विचारलं, "तासभर आधी आणलं असतं तर?" डॉक्टरांनी कागदावर सही केली.

लोकांनी त्याला दोष दिला नाही. खरं तर द्यायला हवा होता, निदान त्याला बरं वाटलं असतं. चिमा आठवडाभर रडत होती, मी गेलेच का म्हणून. तिची समजूत गंगारामलाच काढावी लागली. तुला मीच धाडलं, हे तो तिला पुन्हा पुन्हा सांगे.

पाचव्या दिवशी येसूबाई आली. भाट्याच्या किनाऱ्यावर मासे घेऊन बाजारात विकणारी. माशांची रिकामी पाटी पायरीवर ठेवून ती गंगारामसमोर बसली.

"दादा, माज्याशी बोलली ती त्या दिवशी," ती म्हणाली. "वाळूत बसलेली. मी म्हटलं, बाय, सावलीत चल. नाय म्हणाली. पानी दिलं, ते दोन घोट घेतलं. म्हटलं, घर खयचं तुजं, पोचवतंय मी तुला. तर म्हणाली, नको. माज्या इंजिनेराने डबी दिलीय. त्येला घरात बसून दिसतं मी कुठं हाय ते. येतोच तो न्यायला. जागा सोडली तर चुकामूक होईल."

स्नेहल तोंडाला पदर लावून आत गेली.

"बोटीचं काय बोलली?" गंगारामने विचारलं.

"बोटीचं नाय काय. तुमचंच बोलत होती. शानी वाटली हो मला, चांगली शानी. म्हणून तर ठेवून गेले मी," येसूबाई म्हणाली आणि रडू लागली.

गंगारामने तिला पाणी आणून दिलं. मग तिच्याजवळ खाली बसून त्याने हळूच विचारलं, "किती वाजले असतील तेव्हा?"

"पावणेतीनची गाडी पकडली मी नाक्यावर. त्याच्या जरासं आधी."

तेव्हा तो विहिरीत होता. बांबूने तळ ढवळत, तिचं नाव घेऊन हाका मारत.