परातीतलं ऊन

शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर आज सकाळी घराची आखणी सुरू झाली. फक्कीची पांढरी रेघ थेट आमच्या कुंपणाला चिकटली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते पाहताना बायकोची तव्यावरची पोळी करपली.
"गेलं माझं ऊन!"
तेवढ्यात इंजिनिअर ओरडला, "पुसा ती! नियमाएवढी जागा सोडायची!"
मजुरांनी पायाने रेघ पुसली, चांगली आत सरकवली. मला टाळ्याच वाजवाव्याशा वाटल्या!
"अगं, कधीतरी आपल्या महापालिकेच्या सभेत कुणीतरी हात वर केला असेल," मी म्हणालो, "दोन घरांमध्ये मोकळी जागा हवीच म्हणून. आपली खिडकी त्याने कधी पाहिलीही नसेल!"
ऊन परातीतल्या कणकेवर पसरलं होतं. बायकोने पुढची टम्म फुगलेली पोळी बाजूला काढून ठेवली.
"ही त्याच्या नावाची."