हौसावहिनींचं मत

हौसावहिनी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी नेमकी मार्गासनीची मतदारयादी पुढ्यात घेऊन बसलो होतो. संस्थान विलीन झालं, आता एकवीस वर्षांवरच्या प्रत्येकाला मत, बाई असो की बुवा, अशी बोलणी भोरच्या बाजारात सुरू झाली आणि मागोमाग याद्यांची कामं निघाली. पेन्शनीत निघालेला मास्तर, अक्षर बरं, उद्योग काही नाही, म्हणून आमच्या बाजूच्या गावांचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. दारात उत्रोलीच्या कोंडिबाचा थोरला मुलगा येऊन उभा राहिला. "मास्तर, मार्गासनीच्या हौसाकाकी गेल्या," म्हणाला. "सकाळच्याला चुलीम्होरं बसल्या त्या उठल्याच न्हाईत." या गोष्टीला आता महिना होऊन गेला. त्या दिवशी यादी मी मिटून ठेवली आणि पुढे बरेच दिवस ती उघडायचा मला धीर झाला नाही.

मी मार्गासनीच्या शाळेवर रुजू झालो तेव्हा सडाफटिंग होतो. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातचं पिठलं कोणीतरी पाहिलं असावं, कारण दुसऱ्या दिवसापासून मारुतीरावांच्या घरून भाकरी येऊ लागली. मारुतीराव म्हणजे हौसावहिनींचे यजमान. वहिनी बापाची एकुलती एक. त्याच्या पश्चात भाताची खाचरं त्यांच्याच नावावर झाली, आणि सारा भरल्याची पावती त्यांच्याच नावाने फाटायची. त्या काळी आमच्या भागात अशा बायका दोन-तीनच. पण एवढी खातेदारीण बाई, नवऱ्याचं नाव काही तोंडातून काढायची नाही. शाळेपुढच्या मारुतीलासुद्धा त्या "शेंदरातला देव" म्हणायच्या. मी मुद्दाम विचारायचो, "वहिनी, शाळेसमोर देऊळ कुणाचं हो?" त्यावर "मास्तर, पोरं शिकवा, मला नगा शिकवू," असं म्हणून भाकरी आपटून जायच्या.

मारुतीरावांसारखा भला माणूस मी पाहिला नाही, आणि त्यांच्यासारखा भिडस्तही. त्यांना 'नाही' म्हणताच येत नसे. ऐन भातलावणीच्या चिखलणीत त्यांनी आपली बैलजोडी एकाच दिवशी दोघांना कबूल केली होती. त्या दोघांची तू तू मैं मैं झाली आणि यांचं स्वतःचं खाचर तसंच राहिलं. डोंगरातल्या लोकांना हिरडा वेचायची मोकळीक हवी होती. तेवढं मागायला हे गावातर्फे जंगलाच्या साहेबांकडे गेले आणि साहेबांच्या मुक्कामाला दूध-कोंबड्या पोचवायचं कबूल करून परत आले. वहिनींनी त्या दिवशी त्यांना जेवायला वाढलं आणि कोंबड्या मोजायला निघून गेल्या.

पुढे संस्थानच्या कायदेमंडळाची निवडणूक लागली. आमच्या भागाला एक जागा, आणि मत फक्त सारा भरणाऱ्या खातेदाराला. गावकीने चावडीवर मारुतीरावांना गाठलं आणि सांगितलं, "तुमीच उभं ऱ्हावा." ते कसले नाही म्हणतायत! समोर वेल्ह्याचे शंकरराव. हा माणूस एक नंबरचा भांडकुदळ. देवळात प्रसाद कमी पडला तरी पुजाऱ्याशी वाद घालणारा. त्याला घरी बोलवायला लोक कचरत.

मतदान आमच्याच शाळेत झालं आणि टेबलावर लिहायला मी. कोणाचं मत कोणाला, हे कुठे बोलणार नाही अशी आम्हाला शपथ घ्यायला लागली होती. ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्याने उमेदवाराचं नाव सांगायचं आणि मी खूण करायची, असा रिवाज होता. पण चारचौघांत नाव घ्यायला माणसं बिचकत. म्हणून सकाळपासून मी एक रीत पाडली. प्रत्येकाला दोन्ही नावं हळू आवाजात वाचून दाखवायची आणि त्याने ज्याला 'व्हय' म्हटलं त्याच्यापुढे खूण करायची. मारुतीराव सकाळपासून भिंतीकडेच्या बाकावर बसून हे सगळं पाहत होते. दुपारी वहिनी आल्या तसे ते उठले. "आमची मंडळी येत्यात, म्या हितं नगं," असं म्हणून बाहेर गेले.

मी वाचलं, "मारुतीराव." वहिनींनी मान हलवली... नाही म्हणून. मी वाचलं, "शंकरराव." त्या म्हणाल्या, "व्हय." माझा हात थांबला. त्यांचा काही घोटाळा झाला असेल म्हणून मी दोन्ही नावं पुन्हा वाचली. त्यांनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "एकदा सांगितलं की, मास्तर. लिवा." मी खूण केली.

मारुतीराव एका मताने पडले.

गावाचा संशय गेला तो त्यांच्या चुलतभावावर, उत्रोलीच्या कोंडिबावर. कोंडिबा आदल्या दिवशी शंकररावांच्या ओट्यावर चहा पिताना कोणाला तरी दिसला होता. तो शपथा घेऊन सांगत होता की चहा पिलो पण मत भावालाच दिलं. कोण ऐकतो! भावकीने ठरवलं की कोंडिबाच्या घरचं पाणी प्यायचं नाही, त्याच्या मुलीच्या लग्नाला कोणी जायचं नाही. मारुतीराव त्यालाही 'व्हय' म्हणाले. लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं आणि मुलाकडची मंडळी कुजबुजायला लागली होती. तसेच दिवस गेले असते तर पोरीचं लग्न मोडलंच असतं. मी खरं जाणत होतो आणि शपथेने माझं तोंड बांधलेलं. त्या दिवसांत मला भाकरी गोड लागली नाही, हे मी कबूल करतो. शपथ मोठी की एका पोरीचा संसार, याचा निवाडा मला आजही करता येत नाही.

एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर वहिनी आल्या. दारातच उभ्या राहून त्यांनी विचारलं, "मास्तर, तुमी बोलनार न्हाई न्हवं?"

"शपथ आहे, वहिनी."

"मग म्याच बोलती." आत येऊन म्हणाल्या, "तुमाला वाटल, कसली ही बाई. पन मास्तर, घरात असा नवरा मिळाया नशीब लागतं. तिथं मोठ्या लोकांम्होरं मातुर न्हाई म्हननारा मानूस पायजे. ह्यास्नी तिथं बसवलं असतं तर हिरडा तर गेलाच असता, वर डोंगरबी दिऊन आले असते." बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी देवळात भावकी जमली होती. वहिनी पायरीपाशी येऊन उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या, "कोंडिबाभावजींनी काय केलं न्हाई. त्ये मत माजं गेलं. मास्तरानं नाव घ्या म्हनलं. आता ह्यांचं नाव म्या कसं घेऊ? जे घेता येत हुतं त्ये घेतलं."

त्यावर जो हशा उसळला! म्हातारे डोळे पुसू लागले. कोंडिबाही हसला आणि रडलाही. सगळ्यांत आधी मारुतीराव उठून त्याच्या गळ्यात पडले. लग्न झालं, सगळी भावकी जेवली. मी मात्र गावाच्या लेखी, सगळ्यांना नावं वाचून दाखवून एका भोळ्या बाईलाच तेवढं नाव घ्यायला लावणारा अडाणी मास्तर ठरलो, आणि ते मी मुकाट्याने सोसलं. वहिनींना तर त्या मताने जन्मभर सोडलं नाही. हळदीकुंकवात बायका म्हणायच्या, "हौसाबाई, नाव घ्या, पर आपल्याच नवऱ्याचं घ्या बरं का!" त्या पदर तोंडाला लावून हसायच्या. तिकडे शंकरराव कायदेमंडळात ज्याच्या त्याच्याशी भांडले आणि हिरड्याची मोकळीक घेऊनच परत आले. ती बातमी आली त्या दिवशी वहिनींच्या भाकरीबरोबर गूळ आला होता.

वहिनी जाण्याच्या थोडं आधी याच यादीच्या कामाला मी मार्गासनीला गेलो तर बायका नावच सांगेनात. "लिवा की, सखारामाची आई," "लिवा, पाटलाची सून." असं लिहून चालत नाही, नाव गळतं, हे मी वहिनींना सांगितलं. गुडघे दुखत असताना त्या माझ्याबरोबर घरोघर फिरल्या. "नाव सांग की गं! तुजं मत तुज्या नावानं," म्हणून एकेकीच्या मागे लागल्या. त्यांच्या स्वतःच्या घरी आल्यावर मी लेखणी सरसावली. त्या ऐटीत म्हणाल्या, "हौसाबाई. आन् म्होरलं तुमाला ठावं हाय."

तेराव्याला मी गेलो. माणसं पांगल्यावर मारुतीराव आणि मी ओट्यावर बसलो. मग ते म्हणाले, "मास्तर, त्या दिशी तुमी दोनी नावं वाचून दावत हुता. नाव घ्यायचं कुनालाच काम नव्हतं. म्या सकाळधरनं तिथंच बसलो हुतो की."

मी त्यांच्याकडे वळलो. "म्हणजे तुम्हाला..."

"देवळात ती बोलली तवाच कळलं. तिला वाटायचं मला ठावं न्हाई. म्या ऱ्हाऊ दिलं." पंचाच्या टोकाने त्यांनी नाक पुसलं. "खोटं काय केलं तिनं? मला न्हाई म्हनता येत न्हाई, ह्ये तिच्याबिगर कुनाला ठावं? लोक तिला येडी म्हनून हसत हुते, ते तेवडं लई लागायचं बगा. आता लिवा तुमी. कळू द्या समद्यांस्नी."

म्हणून हे लिहिलं. पण मनातून गेलं नाही ते वेगळंच. उठता उठता मला कामाची आठवण झाली. यादी पिशवीतच होती. वारलेल्याचं नाव कमी करायचं, असा हुकूम आहे. घरच्यांना विचारल्याशिवाय मला ते बरं वाटेना. पान उघडून मी त्यांच्यापुढे धरलं. त्यांना वाचता येत होतं. 'हौसाबाई' आणि पुढे त्यांचं स्वतःचं नाव, वहिनींनी कधी न घेतलेलं. मी हळूच म्हणालो, "मारुतीराव, हे नाव आता कमी करावं लागेल. खोडू ना?"

त्यांनी पानावर हात ठेवला आणि म्हणाले, "न्हाई."

यादी कचेरीत द्यायला अजून चार दिवस आहेत. लाल पेन्सिल टेबलावर आहे, तिला मी अजून टोक काढलेलं नाही.