हळदीआधीचा स्क्रब

१९९८, मे महिन्यातला शनिवार, सकाळ. राहू गावातल्या आमच्या घरी हजर: न्हाणीत मी आणि आत्या, ओसरीवर हळद कालवत आई आणि चुलतबहीण. हळद दहा वाजता, लग्न दुसऱ्या दिवशी.

आत्याने शिरूरहून स्क्रबची ट्यूब आणली होती. आत जर्दाळूच्या बियांची रवाळ पूड. ट्यूबवरचं मी आदल्या दिवशीच वाचून ठेवलं होतं: ओल्या चेहऱ्यावर हलक्या बोटांनी फिरवावं, आठवड्यातून एकदा, वरची मेलेली त्वचा निघते, खालची मऊ होते. आत्याने मात्र जन्मभर वज्रीने टाचा घासलेल्या.

"आत्या, हळू. हलक्या हातानं लावायचंय."

"गप. घासल्याबिगर भांडं निघतं व्हय?"

"मी भांडं हाय का?"

"व्हय. आन् उद्यापास्नं दुसऱ्याच्या घरचं."

एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा तिने ट्यूब पिळली तेव्हा गालांची आग होत होती. न्हाणीला आतून कडी, आणि कडीसमोर आत्या पाटावर. एक हाक मारली असती तर आई आली असती. पण आत्या विधवा. हळदीच्या वेळी तिला स्वयंपाकघरातच थांबायचं होतं, नवरीला हात लावायचा नव्हता. मला नटवायची तिची वेळ हीच. मी दात आवळून बसले.

सोललेल्या गालांवर हळद मिरचीसारखी झोंबली. हळद लागलेल्या नवरीने उंबरा ओलांडायचा नाही, त्यामुळे डॉक्टरही नाही. दिवसभर ओला रुमाल गालांवर दाबत बसले.

"काय गं, आत्ताच लाजायला लागली?" बहीण म्हणाली.

"तेज आलंय पोरीला," आई म्हणाली.

स्वयंपाकघराच्या दारातून आत्या म्हणाली, "ट्यूबचा गुण हाय."

मी रुमाल पुन्हा ओला केला.

आता पुढच्या महिन्यात माझ्या लेकीची हळद. फ्रीजवर यादी लावली आहे. 'पहिली हळद आत्या लावणार, हे सगळ्यांना कळवणे': झालं. दोघी-तिघींनी नाकं मुरडली, तरी झालं. त्याखाली: 'स्क्रब घासायचा नसतो, हे आत्याला सांगणे.'

काल तिचाच फोन आला. "पोरीसाठी ट्यूब आणलीय. या टायमाला मोठी."

"बरं," म्हणाले.

यादीतल्या त्या दुसऱ्या ओळीपुढे अजून 'झालं' नाही.