आई नाटकाला गेली ती दुपार

बाईच्या फुरसतीच्या हक्कावर मी पत्रक लिहिलं होतं, पनवेलच्या चौकाचौकांत वाटलंही होतं. त्याच काळात माझी आई तीन वर्षं एकदाही एकटी घराबाहेर पडली नव्हती. बाबांना स्मृतिभ्रंश. त्यांच्यापाशी ती, आणि सभांना मी. शेजारणीने हे तोंडावर सुनावलं, तेव्हा कुठे मी आईच्या हातात रविवारच्या नाटकाचं तिकीट ठेवलं.

"तीन तास आहेत. जमेल तुला?" तिने विचारलं.

"न जमायला काय झालं?"

"लागलं तर फोन कर. उठून येईन."

ती रिक्षात बसली आणि बाबांच्या येरझाऱ्या सुरू झाल्या. दार, खिडकी, पुन्हा दार. त्यांचे हात गुंतावेत म्हणून मी माळ्यावरून त्यांच्या चळवळीच्या काळातल्या जुन्या पत्रकांचा गठ्ठा काढला. पत्रकाची घडी घालायला मला त्यांनीच शिकवलेलं. चाळीसेक घड्या त्यांनी सुरेख घातल्या. मग एक उलगडून वाचलं. नळाला पाणी द्या. जाहीर सभा, रविवार, संध्याकाळी पाच.

"आज वार कोणता?"

"रविवार." खोटं बोलायचं नाही, हे माझं तत्त्व.

"मग वाटायची कधी?"

"बाबा, ती सभा केव्हाच होऊन गेली. मी शाळेत होते तेव्हा."

"म्हणजे तू लोकांना सांगितलंच नाहीस?"

मी तीनदा समजावलं. दर वेळी त्यांना नवाच धक्का बसला, दर वेळी आवाज चढला. बाहेर पडायला ते सदरा चढवू लागले, बाहीत हात जाईना. माझं बोट आईच्या नंबरवर होतं. नाटकाचा पहिला अंकही संपला नसेल. मी फोन ठेवून दिला, चपला घातल्या आणि पत्रकं घेऊन त्यांच्याबरोबर निघाले.

मासळीबाजाराच्या तोंडाशी त्यांनी एका कोळिणीला पत्रक दिलं.

"कवाची सभा हाय, काका?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"पाच वाजता," मी म्हणाले.

"पानी तं अजून पन येत नाय," ती म्हणाली आणि पत्रक टोपलीखाली सरकवलं.

घरी आल्यावर पुन्हा दार, खिडकी, दार. आई आली तेव्हा ते उंबऱ्यातच उभे होते.

"सभेला लोक किती होते?"

तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. चपला काढता काढता ती म्हणाली, "पार बाहेरपर्यंत. बसायला जागा नव्हती."

"भाषणं?"

"लांबली जरा. तुम्ही लोक आटोपतं कधी घेता?"

बाबा हसले आणि खुर्चीत बसले. दुपारपासून पहिल्यांदा स्वस्थ.

मी तिला नाटकाचं विचारलं.

"अर्धं डोक्यावरून गेलं गं. सवयच गेली बसून बघायची." पाणी पिऊन ती म्हणाली, "पुढच्या रविवारी असशील घरी?"

पुढच्या रविवारी माझी सभा होती. पत्रकं छापून आली होती.

"असेन," मी म्हणाले. आवाज हवा तितका ठाम निघाला नाही.