अक्कांच्या लग्नातल्या साडीचा रंग

तुकोजीअण्णा आज सकाळी गेले. मी त्यांच्याशी खोटं बोललो होतो, ते दुरुस्त करायचं राहून गेलं.

ते माझे घरमालक. बेंगळुरूत, बनशंकरीला त्यांच्या वरच्या खोलीत मी भाड्याने राहतो.

पन्नास-साठच्या दशकांत अण्णा चिकपेटच्या एका स्टुडिओत ब्लॅक अँड व्हाइट फोटोंना हाताने रंग द्यायचे. कापसाच्या बोळ्याने गाल, बारीक ब्रशने दागिने.

मी इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षी सोडलेला. एक छोटी लायब्ररी लिहीत होतो. पुस्तकांची नव्हे, कोडची. फोटोतला एकेक पिक्सेल घेऊन त्याचा रंग बदलणारी, जुने फोटो रंगीत करणारी.

प्रत्येक व्हर्जन आधी अण्णांना दाखवायचो. ते मला 'तम्मा' म्हणायचे, कन्नडमध्ये धाकटा भाऊ.

"तम्मा, तुझ्या कंप्युटरनं नवरदेवाला कावीळ केली की रे!"

मी घाबरून सगळे आकडे पुन्हा तपासायला घ्यायचो.

"सरी, सरी, बरं बरं. रडू नको. स्वल्प लाल घाल."

एकदा मी त्यांना म्हणालो, ब्लॅक अँड व्हाइटमध्ये लाल आणि गडद हिरवा एकसारखे ग्रे होऊ शकतात, दोघांचा आकडा एकच येतो. मग कोडला फरक कळत नाही.

"आम्हाला तरी कुठं कळायचा? गिऱ्हाइकाला विचारायचं."

गेल्या दिवाळीनंतर त्यांनी मला एक पाकीट दिलं. आत त्यांच्या लग्नातला फोटो. अण्णा आणि अक्का, म्हणजे त्यांची बायको. अक्कांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

"जगाचे फोटो रंगवले, हा तेवढा राहिला. आता हात कापतो. तुझ्या लायब्ररीला सांग."

फोटोच्या मागे मळ होता. मला स्वच्छतेचं वेड. स्कॅन करण्याआधी मी मागची बाजू खोडरबराने पुसली.

कोपऱ्यात पेन्सिलने कन्नडमध्ये दोन ओळी होत्या. मला कन्नड वाचता येत नाही. स्टुडिओचा नंबर-बिंबर असेल असं वाटलं.

त्याही पुसल्या. अगदी नीट.

संध्याकाळी रंगीत फोटो दाखवला. लायब्ररीने साडी तपकिरी केली होती.

अण्णांनी चष्मा सारखा करून पाहिलं.

"हा नव्हे रे. मागं बघ, रंग लिहिलाय मी."

तेव्हा मला कळलं. रंग विसरू नये म्हणून स्टुडिओत तो फोटोच्या मागे पेन्सिलने लिहून ठेवायची पद्धत होती. आणि अण्णांची शाळा कन्नड. ते मराठीसुद्धा कन्नड अक्षरांत लिहायचे.



"मागे काहीच नव्हतं, अण्णा."

त्यांनी मूळ फोटो उलटा करून डोळ्यांजवळ नेला.

"मग लिहिलंच नाही वाटतं मी."

"रंग आठवतोय का?"

"लिहिलंय म्हणून तर बिनघोर होतो की रे."

त्यानंतर ते स्वतःवरच शंका घेऊ लागले. दार लावलं का, गोळी घेतली का, दोन-दोनदा विचारायचे. त्यांच्या सूनबाई सांगायच्या, "मामा, घेतलीत गोळी." तरी मान हलवायचे. "माझं काय खरं नाही. लग्नातलंसुद्धा ध्यानात नाही."

मी समोर असायचो. गप्प.

वाटायचं, पुढचं व्हर्जन चांगलं होऊ दे, मग त्यासोबत खरं सांगू.

अकरा व्हर्जन झाली. साडी मरून झाली, हिरवी झाली, जांभळी झाली. दर वेळी अण्णा बघायचे आणि म्हणायचे, "असेल."

आज सूनबाईंनी हार घालायला दोघांचा फोटो मागितला. मी ब्लॅक अँड व्हाइटच दिला. आणि त्यांना सगळं सांगितलं. त्या रडल्या.

अण्णा, तुम्ही लिहिलं होतं. उजव्या कोपऱ्यात, दोन ओळी.

तुमची आठवण पक्की होती. पुसलं मी.

माफ करा. शेवटचा नमस्कार.