शिशाचा रिकामा डबा

डबा फारच शांत होता. किरण मोजायचा मीटर अगदी टेकवला तरी आकडा हलेना.

आम्ही धुळ्याजवळच्या एका भंगार यार्डात उभे होतो. बंद पडलेल्या कागद कारखान्याचं एक यंत्र तिथे आलं होतं. कागदाची जाडी मोजायला अशा यंत्रात किरणोत्सारी कॅप्सूल असते. किरण बाहेर येऊ नयेत म्हणून ती शिशाच्या जाड डब्यात ठेवतात. डब्यावरचं धोक्याचं चिन्ह बघून यार्डाचे मालक रफिकचाचा यांनी आमच्या ऑफिसला कळवलं होतं. साफसफाई करणार कारखान्याचा कॉन्ट्रॅक्टर. मी सरकारी इन्स्पेक्टर. काम नीट झालंय का ते बघायचं, मगच सही करायची.

“मॅडम, डबा ताब्यात घेतला, काम झालं,” कॉन्ट्रॅक्टरने फाइल पुढे केली.

“आत कॅप्सूल असती तर बाहेर थोडा तरी आकडा दिसला असता. डबा रिकामा आहे.”

त्याचा चेहरा उतरला. यार्डात यंत्र फोडताना डब्यातून कॅप्सूल पडली असणार. मी मीटर घेऊन सगळं अंगण पालथं घातलं. काहीच नाही. इतकं लख्ख भंगार यार्ड मी जन्मात पाहिलं नव्हतं.

“अंगण कोणी झाडलं?”

नाना पुढे आले. तिथले सगळ्यात जुने कामगार. चेहऱ्यावर शाबासकीची वाट. “मी, ताई. तुम्ही येणार व्हतात म्हनीसन काल बठ्ठं आंगन झाडी टाकं.”

“कचरा फेकला?”

“फेकाना कसा? लोखंडना चुरा शे त्यामा. गोणीमा भरी ठेयेल शे.”

भंगारवाले झाडलेला केर टाकत नाहीत, चुंबक फिरवून त्यातलं लोखंड काढतात. हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

“गोणी कुठंय?”

“मांगला शेडमा. सकायले तिनावर बशीसनच चहा पिधा.”

म्हणजे सकाळी ते त्या गोणीवरच बसले होते! मागच्या शेडच्या दारातच मीटर किंचाळायला लागला. सगळ्यांना लांब पिटाळलं. कॉन्ट्रॅक्टरच्या माणसांनी लांब दांड्याच्या चिमट्याने चुरा उपसला आणि हरभऱ्याएवढी चकचकीत कॅप्सूल वर आली. ना धूर, ना वास, ना आवाज. इतकी वर्षं या नोकरीत काढली, तरी अंगावर काटा आला. ती शिशाच्या भांड्यात पडली, झाकण बसलं आणि मीटर एकदम गप्प झाला.

“दिसाले तं काहीच नही,” लांबून नाना म्हणाले. मग हळूच विचारलं, “मले काही व्हई का, ताई?”

त्यांना तडक हॉस्पिटलला नेलं. रक्ताच्या तपासण्या काही महिने चालल्या. मांडीवरची कातडी लाल होऊन सोलली, नंतर भरून आली. रिपोर्ट चांगले आले तेव्हा मी ऑफिसातच रडले.

फायनल रिपोर्टमध्ये ‘कारण’ असा एक रकाना असतो. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, “कामगाराची चूक लिहा, मॅडम.”

तपासणीच्या आदल्या दिवशी यार्डात फोन मीच केला होता. “उद्या सरकारी तपासणी आहे” एवढंच सांगून ठेवून दिला होता. साहेबलोक येणार म्हटल्यावर आपल्याकडे माणूस आधी केरसुणी शोधतो, हे मला कळायला हवं होतं. मी त्या रकान्यात माझं नाव लिहिलं.