पहिलं आवतन

दीड महिन्यापूर्वी एका रविवारी सकाळी शोभावहिनींचा फोन आला, तेव्हा मी दाढी करत होतो. "भाऊजी, हे गेले," एवढंच त्या बोलल्या. मी उरलेली अर्धी दाढी पूर्ण केली आणि मगच निघालो. याचं मला अजून नवल वाटतं, कारण उत्तम माझा शाळेपासूनचा मित्र. सोमवार-गुरुवार डायलिसिसचे, मंगळवार-शुक्रवार थकव्याचे आणि उरलेले तीन आपले, अशी त्यानं आठवड्याची वाटणी केली होती. गेला तो स्वतःच्या दिवशी.

सहा वर्षं तो साखरखेर्ड्याहून सकाळच्या बसनं मेहकरला जायचा, चार तास यंत्राजवळ पडून राहायचा आणि रिकामा झाल्यासारखा परत यायचा. दिवसाचं पाणी सकाळीच एका बाटलीत भरून ठेवी. ती संपली की संपली. कुणाच्या घरी तांब्या पुढे आला तर नुसता ओठाला लावून खाली ठेवायचा, म्हणजे घरच्यांचाही मान राहायचा. डायलिसिससाठी डाव्या हाताच्या शिरेत केलेला जोड घरघरत असे. तो हात पोरांच्या कानाला लावून म्हणायचा, "ऐका, मोटार चालू हाय!" कंटाळा येत नाही का, असं मी एकदा विचारलं. "येते ना बे. कंटाळाले जित्ता मानूसच लागते," तो म्हणाला.

आमच्या आळीत मारुतीच्या देवळापुढे वर्षातून दोनदा पंगत होते. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी. भाजी कायम उत्तमची आणि घरोघर आवतन द्यायचं काम माझं. त्याचं डायलिसिस सुरू झाल्यावरच्या पहिल्या पंगतीला मी भाजी दुसऱ्यावर सोपवली आणि त्याचं दार टाळून पुढे गेलो. याला काही खाता येत नाही, समोर बसवून छळ कशाला... मला तो माझा चांगुलपणा वाटला होता. दुसऱ्या दिवशी तो घरी आला. बस म्हटलं तरी बसला नाही.

"काऊन बे, मले आवतन काऊन नाही देल्लं?"

"अरे, तुले मीठ चालत नाही, तिखट चालत नाही..."

"नको ना खाऊ घालू. पन बलाव तं खरं! मेल्यावानी काऊन वगळतं?"

दया करायला गेलो आणि धडधाकट बोलत्या माणसाचं नाव यादीतून काढून मोकळा झालो, याची लाज वाटली. अजूनही वाटते.

पुढच्या पंगतीचं पहिलं आवतन मी त्याच्या घरी दिलं. तो आपली लांब दांड्याची पळी घेऊन आला. चाखल्याशिवाय मिठाचा अंदाज कसा यायचा, अशी शंका कुणीतरी काढली. उत्तम हसला. "मारुतीले निवद दाखवायच्या आंधी म्या कवा चाखली व्हती? माह्यं काय बदललं मंग?" खरंच होतं ते. नैवेद्याची भाजी चाखायची नसते. जन्मभर तो वासावर आणि हातावरच मीठ टाकत आला होता. त्या दिवशी लोकांनी भाजी तीनतीनदा मागून घेतली. सगळ्यांना वाढून झाल्यावर तो आमच्याच ओळीत बसला आणि घरून आणलेली उकडून पाणी काढलेली भाजी, अळणी भाकर निवांत खाल्ली. पुढे दर पंगतीला हेच चाललं.

परवा शनिवारी पंगत होती. आवतन द्यायला निघालो तर पाय सवयीनं त्याच्याच दारी गेले. वहिनी गहू निवडत होत्या. मी चपला काढून नुसता उभा राहिलो.

"सांगा ना भाऊजी," त्या म्हणाल्या.

"रोडगे हायेत... मारुतीपाशी."

"भाजी कोन करते?"

"मीच."

त्या आत गेल्या आणि ती पळी घेऊन आल्या. पदरानं पुसून माझ्या हातात दिली. "चाखू नका बरं. त्याईले राग येईन."

मी चाखली नाही. भाजी अळणी झाली. सगळी पंगत जेवून उठली, पण कुणी मीठ मागितलं नाही.